हिशेब न देता बघणं

लंडनहून परत आल्यावर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि ऑफिसातल्या चहाच्या टोळक्याने मिळून मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "काय काय बघितलंस?" आणि दुसरा, "एकटीच?" पहिल्याचं उत्तर ऐकून मंडळी निराश झाली, कारण ते होतं, "तीन म्युझियम्स, आणि त्यात मिळून सात-आठ वस्तू." दुसऱ्याचं उत्तर "हो" असं होतं. त्यावर समोरच्यांच्या चेहऱ्यावर जी कीव दाटून आली ती बघून ठरवलं, यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. बरेच दिवस राहून गेलं होतं, आज मुहूर्त लागला.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. म्युझियम बघायचं तर एकट्याने, आणि शक्य असेल तिथे फुकट. या दोन अटी वेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. बघताना कुणालाही हिशेब द्यावा लागू नये. बरोबरच्या माणसाला वेळेचा हिशेब द्यावा लागतो आणि तिकिटाला पैशाचा. आणि एकदा हिशेब सुरू झाला की बघणं संपतं.

उदाहरण घरचंच देते. दहा-बारा वर्षांपूर्वी आई-बाबा एका टूरबरोबर युरोपला गेले होते. थोड्या दिवसांत पुष्कळ देश, रोज सकाळी सहाला उठणं, बॅगा खोलीबाहेर ठेवणं, बसमध्ये ठरलेल्या सीटवर बसणं. पॅरिसमध्ये लूव्र होतं. तिथे पाऊण तास मिळाला. त्यातला बराचसा मोनालिसाच्या दालनापर्यंत चालण्यात गेला, उरलेला गर्दीत टाचा उंचावण्यात. आई परत आल्यावर म्हणाली, "काय बघितलं ते घरी येऊन फोटोंवरून कळलं." ती हे हसत हसत म्हणाली, तक्रार म्हणून नाही. मला मात्र ते वाक्य चांगलंच लागलं. आईची आता चौऱ्याहत्तरी आहे. तिच्या आयुष्यात असा एक दिवस तरी गेला असेल का, की सकाळी बाहेर पडली, कुणाच्या जेवणाची वेळ सांभाळायची नव्हती, कुणी "चला आता" म्हणणारं नव्हतं, आणि एखाद्या गोष्टीसमोर ती मनाला येईल तितका वेळ उभी राहिली? मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

तर सप्टेंबर २०२४. ऑफिसचं चार दिवसांचं काम होतं, ते गुरुवारी संपलं. परतीचं विमान शनिवारचं. शुक्रवार अख्खा मोकळा. बरोबरचे दोघे सहकारी खरेदीला निघाले होते, त्यांनी आग्रहाने बोलावलं, मी तितक्याच आग्रहाने नाही म्हटलं. हॉटेल किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ होतं. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, आणि पुण्याहून नेलेल्या दशम्यांपैकी शेवटच्या चार, शेंगदाण्याच्या चटणीसकट. एवढ्या सामग्रीवर माणूस अख्खं लंडन पालथं घालू शकतो.

किंग्ज क्रॉसवरून ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वाटेत टॅव्हिस्टॉक स्क्वेअर नावाची बाग आहे, तिथे मधोमध मांडी घालून बसलेले गांधीजी आहेत. १९६८ सालचा पुतळा. बाकावर एक आजोबा सँडविच खात बसले होते, पुतळ्याच्या पायाशी कुणीतरी फुलं ठेवलेली. परक्या शहरात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं.

ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ ची, लोकांसाठी उघडलं १७५९ मध्ये. तेव्हापासून प्रवेश फुकट. मधे १९७४ च्या सुरुवातीला जेमतेम तीन महिने तिकीट लावलं होतं, तेवढा अपवाद. तिथे मांडलेल्या वस्तू आहेत साधारण ऐंशी हजार, आणि हा त्यांच्या एकूण संग्रहाचा फक्त एक टक्का! मी मोबाइलवर गणित करून बघितलं. एका वस्तूला एक मिनिट दिलं आणि रोज सात तास न थांबता बघितलं, तर एकशे नव्वद दिवस लागतील. म्हणजे "ब्रिटिश म्युझियम बघून झालं" असं जो कुणी म्हणतो त्याच्याशी वाद घालू नये. हे गणित करून माझ्या डोक्यावरचं ओझं मात्र उतरलं. सगळं बघणं अशक्यच आहे ना, मग थोडंच बघू.

रोझेटा स्टोनभोवती सिद्धिविनायकाला मंगळवारी असते तशी गर्दी होती. लांबूनच नमस्कार करून मी अमरावतीच्या दालनात गेले. आपल्या आंध्रातली अमरावती. (विदर्भातले वाचक रागावतील म्हणून हा खुलासा!) तिथे कृष्णेच्या काठी मोठा बौद्ध स्तूप होता. इसवीसनाच्या आधीपासून बांधत, वाढवत नेलेला. त्याचं वैभवाचं दिवस आले ते सातवाहनांच्या काळात. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट नावाच्या अधिकाऱ्याने तिथे खोदकाम करून शिळा काढल्या, त्या आधी मद्रासला गेल्या आणि १८५९ मध्ये लंडनला. काचेपलीकडच्या लांबट दालनात पांढुरक्या चुनखडीच्या त्या शिळा ओळीने उभ्या आहेत.

त्यातल्या एका शिळेसमोर मी किती वेळ होते? नंतर घड्याळ बघितलं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. म्हणजे आईला अख्ख्या लूव्रसाठी मिळाला होता तेवढा. त्या शिळेवर स्तूपच कोरलेला आहे. पूर्ण स्तूप : घुमट, कठडा, प्रवेशावरचे सिंह, समोर पाच खांब ओळीत, वर उडत येणारे गंधर्व. पहिली दहा मिनिटं नुसतं नक्षीकाम दिसत होतं. मग हळूहळू माणसं दिसायला लागली. कुणी हात जोडलेले, कुणी वाकलेले. आणि मग लक्षात आलं की ज्या इमारतीचा हा दगड होता, तिचंच चित्र या दगडावर आहे. इमारत आता उरलेली नाही, अमरावतीला गेलात तर पसरट उंचवटा दिसतो. ती कशी दिसत होती हे आपल्याला या शिळेवरून कळतं. घर पडलं, पण घराचा फोटो त्याच्याच एका विटेवर राहिला, असं काहीसं.

हा विचार काही थोर नाही. त्या दालनातल्या पाटीवरही यापेक्षा चांगलं लिहिलं असेल. पण तो मला पाटीवरून मिळाला नाही, बघून मिळाला, आणि त्यासाठी पाऊण तास लागला. बरोबर कुणी असतं तर सातव्या मिनिटाला मी स्वतःच म्हटलं असतं, "चल, पुढे जाऊ." दुसऱ्याला कंटाळा आला असेल या धास्तीने. आपल्याकडच्या बायकांना ही धास्ती बाळकडूतूनच मिळते. आणि तीस पौंडांचं तिकीट काढलं असतं, तर दहाव्या मिनिटाला आतला हिशेबनीस जागा झाला असता : एवढे पैसे मोजलेत, अजून ममीज राहिल्यात, ग्रीक राहिलेत, पाय उचल! आपल्या भाषेत 'पैसा वसूल' हा शब्द उगाच नाही आला. तो वाईट शब्द नाही, कष्टाने पैसे मिळवणाऱ्या लोकांचा शब्द आहे. पण वसुलीला निघालेला माणूस घरातली भांडी मोजतो, घर बघत नाही.

बाहेर पडताना ग्रेट कोर्टमध्ये, त्या प्रसिद्ध काचेच्या छपराखाली, मधोमध गोल इमारत लागते. ती इथली जुनी रीडिंग रूम. १८५७ मध्ये उघडली. तिथली पुस्तकं १९९० च्या दशकाच्या शेवटी सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. वाचकाचं कार्ड मिळालं की इथे बसायला पैसे लागत नसत. १९२० ते १९२३ या काळात डॉ. आंबेडकर लंडनमध्ये शिकत होते तेव्हा ते इथे येऊन बसायचे. सकाळी दार उघडायच्या वेळी यायचं आणि बंद होईपर्यंत उठायचं नाही, हे त्यांच्या चरित्रांतून आपण वाचलेलं असतं. वाचलेलं असणं वेगळं आणि त्या गोल भिंतीला हात लावून उभं राहणं वेगळं. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पूर्ण झाला. आणि १९२७ च्या मार्चमध्ये त्यांना महाडला सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक! सगळ्यांचं म्हणून जे असतं त्याच्या दाराशी कोण उभं आहे आणि काय मागतंय, पैसे की जात की ओळख, यावर माणसाचं आयुष्य किती बदलतं, हे आपल्या राज्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून 'फुकट म्युझियम' या विषयाला कुणी हौशी लोकांची चैन म्हटलं की मला ते पटत नाही. उघडं दार ही चैन नव्हे.

तिथून हॉलबॉर्नच्या बाजूला चालत दहा-पंधरा मिनिटांवर लिंकन्स इन फील्ड्स नावाचं मोठं मैदानवजा उद्यान आहे. डॉ. आंबेडकरांचं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स त्याच्या अगदी लगत. तिथल्या बाकावर बसून दशम्या काढल्या. शेजारी वकिलांसारखे दिसणारे काळ्या सुटातले लोक प्लास्टिकच्या डब्यातलं गवत खात होते. (सॅलड म्हणायचं त्याला.) चटणीचा वास दरवळला तसा एकाने मान वळवून बघितलं. मी हसले, तोही हसला. एवढंच. दिवसभरातलं माझं सगळ्यात मोठं संभाषण हेच.

त्याच मैदानाच्या उत्तरेला तेरा नंबरचं घर आहे. सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं. बँक ऑफ इंग्लंडची जुनी इमारत त्याची. या गृहस्थाने आयुष्यभर वस्तू गोळा केल्या आणि घर असं भरलं की भिंतीचा रंग दिसायला जागा नाही. तळघरात इजिप्तच्या पहिल्या सेती राजाची शवपेटी आहे, अलाबास्टरची, पातळ जागी उजेड आरपार जातो अशी. ब्रिटिश म्युझियमने किंमत जास्त म्हणून ती घेतली नाही, तेव्हा १८२४ मध्ये याने दोन हजार पौंड मोजून घेतली, आणि पुढच्या वर्षी ती दाखवायला तीन रात्री दिव्यांच्या उजेडात पार्ट्या दिल्या! हेही म्युझियम फुकट आहे, आणि तेही कायद्याने. १८३३ मध्ये सोनने पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला की आपल्या मृत्यूनंतर हे घर आहे तसं ठेवायचं आणि लोकांना फुकट दाखवायचं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? एक कारण लोककल्याण. दुसरं कारण मुलगा. धाकट्या मुलाने, जॉर्जने, १८१५ मध्ये वर्तमानपत्रात नाव न देता बापाच्या कामावर जहरी टीका छापली. ती कुणाची हे कळल्यावर आई खचली आणि त्याच वर्षी गेली. बापाने मुलाला माफ केलं नाही. कायद्यामुळे घर कायमचं मुलाच्या हाताबाहेर गेलं. त्या दाटीच्या खोल्यांतून फिरताना मला एकसारखं पुण्याचं केळकर म्युझियम आठवत होतं. तेही एका माणसाच्या वेडातून उभं राहिलेलं. दिवे, अडकित्ते, दौती, दारं, वाद्यं, कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल. दिनकर केळकरांनी तो सगळा संग्रह लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने केला आणि शेवटी सरकारला देऊन टाकला. एकाने मुलाला मिळू नये म्हणून घर लोकांना दिलं, दुसऱ्याने मुलगा उरला नाही म्हणून. आज आपण दोन्हीकडे जातो, अडकित्ते आणि शवपेट्या बघून येतो, आणि त्या दाराआडचं दुःख मात्र पाटीवर नसतं.

हे मनात आलं तेव्हा शेजारी वळून कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. खोटं कशाला बोला? एकट्याने फिरण्याची ही किंमत आहे आणि ती द्यावी लागते. सोनच्या घरात एका छोट्या खोलीत भिंतीच कपाटाच्या दारासारख्या उघडतात, चित्रांच्या मागे चित्रं निघतात. तिथल्या बाईंनी भिंत उघडली तेव्हा आमच्या घोळक्यातून "ओह" असा आवाज आला. सगळ्यांनी आपापल्या माणसाकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तेवढं एक मिनिट जड गेलं. पण नंतर वाटलं, जे तेव्हाच्या तेव्हा सांगून टाकता येतं ते तिथेच संपतंही. न सांगितलेलं आपल्याबरोबर घरी येतं. केळकर आणि सोन यांची ती जोडी त्या दिवशी कुणाला सांगता आली असती तर आज इथे लिहिली गेली नसती.

संध्याकाळी हॉलबॉर्नवरून पिकॅडिली लाइनने थेट साउथ केन्सिंग्टन. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. यामागेही एक जुना विचार आहे. १८५७ मध्ये हे साउथ केन्सिंग्टन म्युझियम म्हणून सुरू झालं तेव्हा त्याचे चालक हेन्री कोल यांनी दालनांत गॅसचे दिवे लावले. कारण सांगायला नको. कामगार दिवसा कामावर असतो, त्याने बघायचं कधी? आठवड्यातले काही दिवस फुकट ठेवले. शिवाय आत खाण्यापिण्याची सोय केली. आजच्या प्रत्येक म्युझियममधल्या कॅफेचा मूळ पुरुष तो. मधे काही वर्षं इथे तिकीट होतं. २००१ मध्ये ब्रिटिश सरकारने सगळ्या राष्ट्रीय संग्रहालयांचं तिकीट रद्द केलं तेव्हा तेही गेलं.

(जाता जाता एक गंमत. लंडनच्या या म्युझियमला 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' हे नाव मिळालं १८९९ मध्ये. आपल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं म्युझियम त्याच नावाने १८७२ मध्ये उघडलं होतं! तेच आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. नाव १९७५ मध्ये बदललं. म्हणजे या नावापुरती मुंबई सत्तावीस वर्षं पुढे होती.)

इथे आल्यावर मराठी माणसाला कशाची आठवण येते ते सांगायला नको. वाघनखं. ती त्या दिवशी लंडनमध्ये नव्हतीच, दोन महिने आधी, जुलै २०२४ मध्ये, तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली होती. ग्रँट डफ, ज्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, तो साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता. त्याच्या घराण्याकडून ती म्युझियमला मिळाली. महाराजांनी वापरली ती हीच का, याची खात्री देता येत नाही असं खुद्द म्युझियम सांगतं. त्यावरून आपल्याकडे बरीच वादावादी झाली, त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाची वाटते ती साताऱ्याच्या मावशीची गोष्ट. ती दोनदा जाऊन आली. एकदा सगळ्या घराबरोबर आणि एकदा एकटी, रिक्षा करून. "दुसऱ्यांदा दिसली," म्हणाली. पहिल्यांदा काय दिसलं असं विचारलं तर म्हणाली, "आपली माणसं." माझा सगळा लेख मावशीने चार शब्दांत संपवला.

व्ही अँड ए मध्ये माझा वेळ गेला तो नकलांच्या दालनात. कास्ट कोर्ट्स म्हणतात त्याला. युरोपभरच्या प्रसिद्ध शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. रोममधला ट्राजनचा स्तंभ इतका उंच की छपरात मावेना, म्हणून दोन तुकड्यांत शेजारी शेजारी उभा केलाय. मायकेलअँजेलोचा डेव्हिडही आहे, आणि राणी भेटीला आली तर लाज झाकायला केलेलं प्लास्टरचं पान मागे वेगळं लावून ठेवलंय. हसू येतं. पण यामागची भावना हसण्यासारखी नाही. ज्यांना रोमला आणि फ्लॉरेन्सला जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी रोम इथे आणून ठेवलं.

आणि याच म्युझियमच्या कोठारात आपल्या अजिंठ्याच्या नकला आहेत. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जाऊन राहिले आणि त्यांनी भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवली. त्यांच्या आधी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्याही काही नकला १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या आता इतक्या मोलाच्या आहेत, कारण दीडशे वर्षांत मूळ भिंतींवरचे रंग आणखी झडले. त्या पोरांची नावं आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहेत? मलाही दालनात उभं राहून एकदोनच आठवली. ट्राजनच्या त्या पांढऱ्या स्तंभाखाली बसून मी त्यांचाच विचार करत होते, वाघूर नदीच्या काठी, तळपत्या उन्हातून अंधाऱ्या गुंफेत शिरून, दिव्याच्या उजेडात पद्मपाणी उतरवणारी मुंबईची मुलं.

आता तुमच्यापैकी जे मनातल्या मनात आक्षेप घेत असतील त्यांचंही बोलू.

"फुकट काय म्हणतेस? तिथे पोचायला किती लागले ते सांग." मान्य. माझा खर्च ऑफिसने केला. पण नुसती व्हिसाची फी त्या वेळी ११५ पौंड होती, म्हणजे साडेबारा हजार रुपयांच्या आसपास. 'हे म्युझियम सगळ्या जगासाठी खुलं आहे' असं ते अभिमानाने सांगतात, तेव्हा विचारावंसं वाटतं, जगासाठी म्हणजे कुणासाठी? गुंटूरच्या शेतकऱ्याला त्याच्या गावची शिळा फुकट बघायची असेल तर आधी बँकेचे कागद, मग व्हिसाचा अर्ज. वस्तू बिनव्हिसाची गेली, माणसाला व्हिसा लागतो. हा अन्याय आहे आणि फुकट प्रवेशाने तो धुतला जात नाही.

"मग त्यांनी तरी परदेशी लोकांना फुकट का दाखवावं? कर तिथले लोक भरतात." हा प्रश्न तिकडेही अधूनमधून निघतो. पॅरिसच्या लूव्रने २०२६ च्या जानेवारीपासून युरोपाबाहेरच्यांना बत्तीस युरो तिकीट केलं. आपणही काही कमी नाही. अजिंठ्याला भारतीयांना चाळीस रुपये आणि परदेशी पाहुण्याला सहाशे, हा दर २०१८ मध्ये आपणच लावला. पंधरा पट! त्यामुळे त्यांच्यावर बोट दाखवताना उरलेली बोटं कुठे वळतात तेही बघावं.

आणि तिसरा आक्षेप, "आपल्याकडे फुकट ठेवलं तर लोक भिंतीवर नावं कोरतील." हे ऐकलं की मात्र डोकं फिरतं. तिकीट काढूनही कोरतातच की! नाव कोरणारा माणूस फुकटामुळे तयार होत नाही. वर्षातून एकदा शाळेच्या सहलीत, दोनशे पोरांच्या रांगेत, "हात लावू नका, पुढे चला" ऐकत ज्याने म्युझियम बघितलं, त्याला ती जागा आपली कधी वाटलीच नाही. जी जागा आपली वाटते तिथे माणूस परत परत जातो. परत परत जायचं तर दार सैल हवं. कामावरून घरी जाताना वीस मिनिटं डोकावता आलं पाहिजे.

म्हणून मला वाटतं, आपल्या मोठ्या शहरांतल्या म्युझियम्सनी निदान दोन गोष्टी कराव्यात. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना फुकट, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ रात्री नऊपर्यंत उघडं. पगारी माणसाला, दुकानात उभं राहणाऱ्या मुलीला, धुणीभांडी उरकून मोकळ्या होणाऱ्या मावशींना जमेल अशी वेळ. आणि तिसरी फुकटातली गोष्ट म्हणजे बाकं. दालनात भरपूर बाकं टाका, आणि त्यावर एखादी बाई एकटीच अर्धा तास बसून राहिली तर "काय मॅडम, कुणाची वाट बघताय?" असं विचारू नका. ती कुणाचीही वाट बघत नाहीये. ती बघतेय.

इंग्रजांनी आपल्याकडून पुष्कळ नेलं. त्या बदल्यात आपण त्यांच्याकडून ही एक कल्पना उचलली तर कुणी चोरी म्हणणार नाही. तिला व्हिसाही लागत नाही.

आणि तुमच्यासाठी, म्हणजे इथवर वाचत आलेल्या दोस्तांसाठी आणि काका-मावश्यांसाठी एक छोटं काम. परदेशाची वाट बघू नका. पुढच्या महिन्यात आपल्याच गावात एक सकाळ काढा. घरात सांगा की चार तास मी नाही. एकट्याने म्युझियममध्ये जा, एकच वस्तू निवडा आणि तिच्यासमोर कंटाळा येईपर्यंत बसा. कंटाळा आला की उठू नका, अजून दहा मिनिटं बसा. खरं दिसायला लागतं ते त्यानंतर. मुंबईकरांनी भायखळ्यापासून सुरुवात करावी. बुधवारी मात्र जाऊ नका, बुधवारी ते बंद असतं.